साडेअठरा पैसे क्विंटल

पंचवटी, नाशिक
२३ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर राहिलं, कारण कांद्याची आवक वाढली की मामा मला खळ्यावरून हलू देत नाही. तू विचारलंस, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मजकुरातली नको ती अक्षरं काढायची यात शिकण्यासारखं काय आहे, एका ओळीचं तर काम. मलाही तसंच वाटायचं. त्या एका ओळीपायी माझं कसं हसं झालं ते ऐक.

पिंपळगाव बसवंतचं मामाचं खळं तू पाहिलं आहेस. शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव असं सगळं तिथे एका शीटमध्ये आहे, आणि ते आजवर चार मुनिमांनी आपापल्या मर्जीने भरलेलं. एकाचं ‘रु. १,८५०’, दुसऱ्याचं ‘१८५०/-’, तिसऱ्याची आकड्याआधी दोनदोन स्पेस. सरासरी काढायला नुसता आकडा हवा. मी पायथनला सांगितलं, एकेक अक्षर बघ, अंक किंवा टिंब असेल तर ठेव, बाकीचं फेक. टिंब ठेवलं कारण काही भावांत पैसेही होते. प्रोग्राम न कुरकुरता चालला. पण ‘रु.’मधला रु गेला, स्वल्पविराम गेला आणि रुचं टिंब मात्र राहिलं. उरलं ‘.१८५०’, ते पायथनने इमानेइतबारे ०.१८५ वाचलं. म्हणजे क्विंटलला साडेअठरा पैसे! मामा म्हणाला, “भाव पडलेला खूपदा पाहिला रे, पण इतका नाही.”

मग आधी अख्खा ‘रु.’ रिप्लेसने, म्हणजे एकाच्या जागी दुसरं ठेवणाऱ्या आज्ञेने, काढला, नंतर स्वल्पविराम, नंतर ‘/-’. तरी छापून पाहतो तर मजकूर जसाच्या तसा. अर्धा तास डोकं धरून बसलो. स्ट्रिंग, म्हणजे पायथनमधला मजकूर, जागच्या जागी बदलत नाही, रिप्लेस नवी स्ट्रिंग हातात देतं. ती पुन्हा व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या डब्यात, धरली नाही तर गेली वाऱ्यावर. हे तू पहिल्याच दिवशी पाठ करून टाक.

नावांमध्ये तर वेगळीच गंमत. प्रत्येक नावाआधी ‘श्री. ’. स्ट्रिप म्हणजे कांद्याची वरची सालं काढल्यासारखं, दोन्ही टोकांच्या स्पेस काढतं, आतल्याला हात लावत नाही. लेफ्टस्ट्रिप (lstrip) फक्त डावीकडून सोलतं. त्याला ‘श्री. ’ दिलं. बहुतेक नावं नीट आली, पण ‘श्री. श्रीरंग’चं उरलं नुसतं ‘ंग’. आधार नसलेला अनुस्वार आणि ग! झालं असं की, दिलेलं ते शब्द म्हणून धरतच नाही, सुट्या अक्षरांचा गठ्ठा म्हणून धरतं. श, हलन्त, र, दीर्घ ई, टिंब, स्पेस यांतलं काहीही डाव्या टोकाला दिसेल तोवर सोलत जातं. शब्द म्हणून काढायचा तर रिमूव्हप्रीफिक्स वापरायचं. ते २०२० साली पायथन ३.९ मध्ये आलं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत सापडणार नाही.

गावांच्या नावांत कुठे कंस, कुठे फुल्या. तिथे मी हुशारी केली: ‘हे अक्षर आहे का’ तपासणारं इझअल्फा ज्याला अक्षर म्हणेल तेवढंच ठेवायचं. नाशिकचं झालं ‘नशक’, निफाडचं ‘नफड’ आणि दिंडोरीचं ‘दडर’. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत, त्यांचा वर्ग ‘चिन्हांचा’, आणि इझअल्फा फक्त अक्षरं मोजतं. इंग्रजी उदाहरणांवर शिकताना हे कुठून कळणार? तेव्हापासून मी काय ठेवायचं ते लिहीत नाही, काय काढायचं तेच लिहितो.

आता खरी गोष्ट. एवढं करूनही गाववार बेरजेत निफाड दोनदा येत होतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. लांबी विचारली तर एकाची पाच, दुसऱ्याची सहा. लपलेली अक्षरंही दाखवणारं रेप्र लावून छापलं तेव्हा शेवटी ‘यू२००बी’ हा युनिकोड क्रमांक दिसला, शून्य रुंदीची स्पेस. कुठूनतरी कॉपी करताना आलेली. स्ट्रिप तिला स्पेस मानतच नाही, त्यामुळे ती बिनधास्त बसून होती. मी चिडून त्या जातीची सगळी अदृश्य अक्षरं एका झटक्यात उडवली. निफाड एक झालं. यादी छापून मामाकडे दिली.

मामाने चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद हातभर लांब धरला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. “हे ‘शेतकर्यांची’ काय आहे? शेतकऱ्यांच्या य वर रफार कुणी दिला?” जुन्या मुनिमाच्या टायपिंगमध्ये तो आडवा र साध्या र, हलन्त आणि एका अदृश्य जोडणाऱ्या अक्षराने बनलेला होता. झीरो विड्थ जॉइनर म्हणतात त्याला. मी केर म्हणून काढला आणि सगळ्या यादीत दऱ्यांचा दर्या झाला. ज्यांनी थेट नुक्त्याचा ऱ टाइप केला होता, तेवढेच वाचले.

आता फक्त ‘यू२००बी’ काढतो, जॉइनरला हात लावत नाही.

नाताळात ये. तुझ्या सोसायटीच्या सभासदांची ती फाइल आण, मूळ प्रत मात्र घरीच ठेव. मिसळ खाऊन बसू, आणि छापलेलं आधी मामाला दाखवू.

तुझाच,
नान्या