जोसेफला सरसकट नापास करू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याच्यावरचा लेख वाचला. छान आहे, पण शेवटी त्याला "अपयशी सुधारक" म्हणून मोकळे झालात ते काही पटलं नाही.

आई मारिया थेरेसा 1780 ला गेली आणि सगळा कारभार याच्या एकट्याच्या हातात आला, मग काय, हुकुमांचा धडाकाच लावला, 1781 ला कॅथलिक नसलेल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांना आपापल्या पद्धतीनं प्रार्थना करायची मोकळीक, त्याच वर्षी बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, लग्न करायला, गाव सोडायला, पोराला एखादा धंदा शिकवायला जमीनदाराची मर्जी सांभाळायची गरज राहिली नाही. पण पठ्ठ्याला थांबायचं कुठं तेच कळेना! 1784 ला लाकूड वाचावं म्हणून तळाला दार असलेली शवपेटी काढली, प्रेत गोणीत घालून खड्ड्यात सोडायचं आणि पेटी पुढच्यासाठी परत न्यायची. हिशोब बरोबर असेल हो, पण घरातलं माणूस गेलंय आणि सरकार लाकडाचा भाव सांगतंय! लोक खवळले, काही महिन्यांत हुकूम मागे. तरी त्याच्याच राज्यातल्या हंगेरीत पुन्हा तोच हट्ट. राज्याभिषेक करून घेतला नाही, त्यांचा पवित्र मुकुट उचलून व्हिएन्नाला नेला, वर सरकारी कामकाज लॅटिन सोडून जर्मनमधून करा म्हणे. सरदार मंडळी आधीच धुसफुसत होती, त्यांना आयतंच कारण मिळालं.

शेवटी तुर्कांशी युद्ध, बेल्जियमकडे बंड, स्वतः टीबीनं अंथरुणाला खिळलेला, तेव्हा जानेवारी 1790 मध्ये हंगेरीतले बहुतेक हुकूम त्यानं स्वतःच मागे घेतले. इथवर लेखात आहे. पण तेव्हाही धर्माच्या मोकळिकीचा आणि भूदासांचा हुकूम त्यानं मागे घेतला नाही, हे लेखात कुठंच नाही, आणि माझ्या मते अख्ख्या कारकिर्दीत तेच बघण्यासारखं आहे. मुकुट परत दिला, भाषेचा हट्ट सोडला, हे दोन मात्र धरून ठेवले. 20 फेब्रुवारीला गेला, वय जेमतेम 48. वेठबिगारी पूर्ण बंद व्हायला 1848 उजाडलं हे खरंय, पण माणूस जमिनीला बांधलेला ही जुनी पद्धत काही परत आली नाही.

जमलं तर पुढच्या वेळी त्याच्या भावावर, लिओपोल्डवर लिहायला सांगा. इटलीतल्या टस्कनीवर राज्य करत असताना 1786 लाच त्यानं मृत्युदंड बंद केला होता, आणि जोसेफनंतरचा पसारा आवरायला त्यालाच यावं लागलं.

आपला,
एक नियमित वाचक