मांडीला टेप लावून भागणार नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दोन्ही मांड्यांना टेप लावलास, जेमतेम सेंटिमीटरभर फरक निघाला आणि लगेच मैदानात उतरायची तारीखही ठरवून मोकळा झालास! अरे, टेप घेर सांगतो, बळ नाही. त्या घेरात चरबी येते, सूज येते, मागचे स्नायूही येतात. आपल्याला चिंता आहे ती मांडीच्या पुढच्या स्नायूची, क्वाड्रिसेप्सची. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या (लिगामेंटच्या), ऑपरेशननंतर तो बारीक होतोच, शिवाय दबूनही राहतो. सुजलेल्या सांध्याकडून येणारे संदेश मज्जारज्जूतच त्याला आवर घालतात. मग कितीही जोर लाव, त्यातले काही तंतू कामाला लागतच नाहीत.

फिजिओने हाताने दाबून पाचपैकी पाच दिले, त्यानेही हुरळू नकोस. ती श्रेणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मज्जातंतूंच्या इजा तपासण्यासाठी रूढ झाली. बरीच ताकद गमावलेली मांडीसुद्धा तिथे पूर्ण गुण मिळवते.

खरं मोजमाप आयसोकायनेटिक यंत्रावर होतं. खुर्चीत पट्ट्यांनी जखडून बसवतात, नडगीला पॅड लावतात. पाय सरळ करायचा वेग यंत्र ठरवतं, बहुधा सेकंदाला ६० अंश, आणि तू जेवढा जोर करशील तेवढाच विरोध करतं. हे यंत्र मिळालं नाही तर हातातला डायनॅमोमीटर, म्हणजे जोर मोजायचं छोटं उपकरण, चालेल, पण तो पट्ट्याने पक्क्या आधाराला बांधायला सांग. तपासणाऱ्याने नुसता हाताने धरला तर तुझ्या मांडीपुढे त्याचाच हात आधी हरेल.

आता हिशेब बघ. समज, ऑपरेशन झालेल्या पायाने ४०० न्यूटन जोर दिला आणि गुडघ्यापासून पॅड ०.३५ मीटरवर आहे. गुणाकार १४० न्यूटन-मीटर; हा झाला टॉर्क, म्हणजे सांधा फिरवायचा जोर. चांगल्या पायाचे १६० आले, म्हणजे ८७.५ टक्के. मैदानात परतायला सगळे ९० टक्क्यांची रेघ धरून बसतात, म्हणून तुला वाटेल, आलंच की जवळ! पण इतके महिने बसून चांगला पायही खंगलेला असतो. ऑपरेशनपूर्वी तो २०० देत असेल, तर तू खरा ७० टक्क्यांवर आहेस. म्हणून ऑपरेशनपूर्वीच्या चाचणीचा जुना कागद शोध. तो नसेल तर टॉर्कला वजनाने भाग. वजन ७० किलो धरलं तर किलोमागे २ येतात, आणि खेळणाऱ्या पुरुषासाठी बरेचदा ३ च्या आसपासचं लक्ष्य धरतात. माझा भरवसा टक्क्यांपेक्षा या आकड्यावर जास्त.

एका पायावरची उडी मापात आली म्हणूनही फसू नकोस. गुडघा कमी पडला की खुबा आणि घोटा भार उचलतात, अंतर मात्र सारखंच दिसतं. ग्राफ्ट, म्हणजे नव्या अस्थिबंधासाठी घेतलेला तुकडा, हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूचा) असेल तर तो मागचा स्नायूही मोजून घे.

तारखेची घाई तर मुळीच नको. डेलावेअर आणि ऑस्लोच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत खेळणं जितके महिने लांबवलं, तितक्या दर महिन्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी दिसलं. मांड्यांची ताकद समसमान असलेलेही कमी जखमी झाले.

पूर्ण जोराच्या चाचणीला सर्जनची परवानगी आधी घे. आदल्या दिवशी पायांचा जड व्यायाम नको, आणि गुडघा सुजला असेल तर चाचणी सरळ पुढे ढकल. दोन्ही पायांचे आकडे, पॅडचं अंतर आणि तुझं वजन मला लिहून पाठव. टक्के मी काढतो.

तुझा मित्र