बटणावर 'विकत घ्या' लिहायचं तर मग विका तरी

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीला पोरांना काय घ्यावं यावर पानभर मजकूर होता, त्यात हातात धरून खेळायच्या गेमच्या कन्सोलबद्दल चार ओळी होत्या की आता सीडी-कॅसेटची कटकट नाही, गेम थेट डाऊनलोड करा आणि खेळा. बाकीचं पान पटलं, सायकलचं तर फारच. पण ही ओळ वाचून राहवलं नाही. कटकट गेली हे खरं, पण कटकटीबरोबर अजून काय काय गेलं ते कुणी लिहीतच नाही म्हणून लिहितोय.

आधी माझंच सांगतो. २०१० ची गोष्ट, दाजी दुबईहून आले तेव्हा माझ्यासाठी असलंच एक कन्सोल घेऊन आले (कंपनीचं नाव घालत नाही, भांडण एकट्या तिच्याशी नाहीये). त्यावर गेम कसे घ्यायचे हा प्रश्न होता. स्टँडजवळ एक दुकान होतं, तिथं २० रुपयाला एक गेम मेमरी कार्डात भरून द्यायचे, रांग लागायची शनिवारी. माझा एक मित्र तिथं जायचा. मला काय अक्कल सुचली माहीत नाही, मी ठरवलं आपण रीतसर पैसे देऊन घ्यायचे. तर आपलं कार्ड त्या ऑनलाइन दुकानात चालेना, मग अमेरिकेतल्या चुलतभावाच्या कार्डावर घेतले, खात्याचा देश पण अमेरिकाच टाकला, पाच गेम मिळून ६५ डॉलर. डॉलर तेव्हा ४६ ला होता, म्हणजे तीन हजाराला दहा रुपये कमी, ते मी काकूच्या हातात नेऊन दिले आणि काकूनं विचारलं की पाच काय आणलंस तर दाखवायला काही नव्हतं. तेव्हा मी हसलो होतो.

आणि डाऊनलोड म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगून पटत नाही. बीएसएनएलच्या आमच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ फुकट, दिवसा केलं की बिल वडिलांच्या हातात. म्हणून मी १ वाजून ५५ चा गजर लावायचो, उशीखाली मोबाईल, आवाज बारीक. २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५० केबी, म्हणजे १ जीबीला सव्वा तास लागायला पाहिजे, हे झालं कागदावर. पाऊस पडला की फोनच्या वायरीत खरखर, वेग निम्म्यावर, आणि मध्येच लाईट गेली की राऊटर बंद आणि ८४ टक्क्यावरचं परत कुठून चालू होईल त्या कन्सोललाच माहीत. वडिलांना वाटायचं पोरगं रात्रीचं उठून एमपीएससीचा अभ्यास करतंय, त्यांनी शेजाऱ्यांना पण सांगितलं होतं तसं. असो.

तर गेल्या दिवाळीला माळा काढला, साफसफाई, आणि ते कन्सोल निघालं. बॅटरी पुरीसारखी फुगलेली, झाकण पण बसत नव्हतं. नवीन बॅटरी मागवली, चालू झालं, भाचा तिथंच बसलेला, दाजींचाच पोरगा, वय १३. मी म्हटलं बघ तुझा मामा काय खेळायचा ते. तर मेमरी कार्ड मेलेलं. म्हटलं हरकत नाही, विकत घेतलेत, परत डाऊनलोड करू. खात्याचा ईमेल जुना, तो कधीच बंद झालेला. कंपनीला मेल केला तर त्यांनी विचारलं पहिल्या खरेदीचा नंबर सांगा आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे. चुलतभावानं त्यानंतर दोनदा बँक बदलली, त्याला आकडे कुठले आठवायला. आठ दिवस मेलामेली झाली, शेवटी उत्तर आलं की खातं तुमचं आहे हे सिद्ध होत नाही, क्षमस्व. तीन हजार गेले. चूक माझी पण आहे, पासवर्ड वहीत लिहून ठेवायला पाहिजे होता, मान्य. पण त्याच खोक्यात माझ्या लहानपणीचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम पण होता, पिवळी कॅसेट, वरचा कागद उंदरानं खाल्लेला. भाच्यानं ती दोनदा फुंकून घातली, थोडी हलवली, आणि टीव्हीवर तेच टुंटुं संगीत सुरू. तिनं काही मला माझा ईमेल विचारला नाही.

आणि तो २० रुपयेवाला मित्र? त्यानं दुकानातून आणलेलं सगळं डीव्हीडीवर उतरवून ठेवलेलं, अजून चालतंय. ज्यानं पैसे दिले तो कोरडा आणि ज्यानं नाही दिले त्याच्याकडं सगळं, असं उलटं. मी चोरीच्या गेमची बाजू घेत नाहीये, ज्यांनी रात्रंदिवस बसून तो गेम बनवला त्यांना त्या २० रुपयातला एक पैसा गेला नाही. पण पोराला शिकवायचं काय मग, हा प्रश्न राहतोच.

माझं एकट्याचं नशीब फुटकं म्हणून सोडून दिलं असतं, पण हे सगळीकडंच चाललंय. निंटेंडो कंपनीनं आपल्या ३डीएस या हातातल्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं, त्याआधी जुन्या डीएसआय कन्सोलचं २०१७ ला. आधी घेतलेले ३डीएसचे गेम परत उतरवता येतात, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे, पण किती वर्षं ते त्यांच्या मर्जीवर. सोनीचं पीएसपी गो हे हातातलं कन्सोल तर २००९ ला आलं तेच डिस्क घालायला जागा न ठेवता, म्हणजे आधीच्या पीएसपीच्या यूएमडी डिस्क घरात ढीगभर असल्या तरी त्यात चालणार नाहीत, फक्त डाऊनलोड. आणि २०२१ च्या जुलैत पीएसपीवरून गेम विकत घ्यायची सोयच बंद झाली. त्याच वेळी सोनीच्याच व्हिटा आणि पीएस३ या कन्सोलचं दुकान पण बंद करणार होते, लोकांनी एवढा आरडाओरडा केला की एप्रिल २०२१ ला त्यांनी तो निर्णय मागं घेतला. म्हणजे ओरडलं की ऐकतात, हे पत्र लिहायचं ते पण एक कारण. अमेरिकेत गेमचा इतिहास जपणारी एक संस्था आहे, व्हिडिओ गेम हिस्ट्री फाऊंडेशन, त्यांनी २०२३ ला मोजून सांगितलं की २०१० च्या आधी तिथं आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात मिळतच नाहीत. शंभरातले तेरा मिळतात. आपण जुनी नाटकं हरवली म्हणून हळहळतो, यांनी तर आमचे गेम आमच्या हयातीतच हरवले.

बरं डाऊनलोड नको म्हणून दुकानातून गेमचा डबा घेतला, आत कार्ड आहे, तरी निश्चिंत व्हायचं नाही. २०२५ च्या जूनमध्ये निंटेंडोचं स्विच २ कन्सोल आलं, त्याच्या काही गेमच्या डब्यात जे कार्ड असतं त्याला गेम-की कार्ड म्हणतात, त्यात गेम नसतोच, नुसती किल्ली. कार्ड घालायचं, गेम इंटरनेटवरून उतरवायचा, आणि नंतर खेळताना दरवेळी कार्ड पण आत पाहिजे. हे कार्ड दुसऱ्याला देता येतं, विकता येतं, हा एक फायदा, डब्यावर तशी सूचना पण छापलेली असते. पण ती सूचना वाचून 'म्हणजे काय हो' असं आजीनं विचारलं तर दुकानदार तरी सांगेल का मला शंका आहे.

दुकानदारावरून आठवलं. भाच्याच्या वाढदिवसाला मी साडेचार हजाराचं गिफ्ट कार्ड आणलं, त्यात ५० डॉलर, खरवडून कोड टाकायचा आणि गेम घ्यायचा. पोरानं नाण्यानं खरवडलं, कोड टाकला, घेईना. दोनदा टाकला. कार्ड अमेरिकेचं आणि त्याचं खातं दुसऱ्या देशाचं. दुकानात परत गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतोय, "सर, खरवडलेलं परत घेत नाही ओ, तुम्ही विचारायचं की आधी." आता मला काय माहीत विचारायचं असतंय ते. डाळ आणताना कुणी विचारतं का ही डाळ कुठल्या देशाच्या कुकरमध्ये शिजते म्हणून.

आणि सगळ्यात जास्त मला खटकतं ते देणंघेणं गेलं ते. आमच्या वेळी गल्लीत सहा पोरं, सहा कॅसेटी, आणि महिन्याभरात सहाही सगळ्यांच्या घरी फिरून यायच्या. भांडणं व्हायची, एकाची हरवली म्हणून आमच्या आईला जाऊन त्याच्या आईला समजवावं लागलं होतं, पण फिरायच्या. डाऊनलोड केलेला गेम भाचा मित्राला देऊ शकत नाही. आता निंटेंडोनं २०२५ च्या एप्रिलमध्ये एक सोय काढली, घेतलेला गेम कुटुंबाच्या ग्रुपमधल्या माणसाला १४ दिवस उसना देता येतो, मुदत संपली की आपोआप परत. वाचनालयाच्या पुस्तकासारखं झालं हे, दंड तेवढा नाही. चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण पुस्तक जर मी विकत घेतलेलं असेल तर ते किती दिवस द्यायचं हे ठरवणारा तू कोण?

तर मुद्दा असा आहे की आपण गेम विकत घेतच नाही, खेळायची परवानगी घेतो. ही गोष्ट कंपन्या लपवतात असं पण नाही, नियमांच्या त्या लांबलचक मजकुरात ती लिहिलेली असते, जो मी, तुम्ही आणि बहुतेक त्यांच्या वकिलांनी पण पूर्ण वाचला नसेल. पण बटणावर मोठ्या अक्षरात असतं 'विकत घ्या'. कॅलिफोर्नियात यावर कायदा झाला, सप्टेंबर २०२४ ला राज्यपालांची सही झाली, १ जानेवारी २०२५ पासून लागू. त्यात असं आहे की डिजिटल वस्तू परवानगीच्या स्वरूपात देत असाल तर 'विकत' वगैरे शब्द तसेच वापरता येणार नाहीत, ही परवानगी आहे हे गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगायचं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरायच्या पानावर ऑक्टोबर २०२४ पासूनच तशी ओळ यायला लागली. एका ओळीचं काम होतं, कुणाचं दुकान बुडालं नाही.

आपल्याकडं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, आणि नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन फसव्या डिझाइनवर नियम काढले, त्यात १३ प्रकार मोजून दिलेत, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, खोटी घाई करणं वगैरे. माझं म्हणणं एवढंच की जे विकत नाही त्यावर 'विकत घ्या' लिहिणं हा चौदावा प्रकार धरा. (२०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमचा कायदा झाला ना, असं आमच्या कट्ट्यावर एकजण म्हणाला, पण तो मुख्यतः पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, याच्याशी संबंध नाही.) आणि दुकान बंद करायचं तर आधी पुरेशी मुदत द्या आणि घेतलेले गेम लोकांना स्वतःकडं कायमचे ठेवता येतील अशी फाइल द्या. हे जमत नाही असं कुणी सांगू नका, जीओजी नावाचं पीसी गेमचं दुकान ते करतंय, गेमची इन्स्टॉलरची फाइल उतरवून आपल्या हार्डडिस्कवर ठेवा, नंतर इंटरनेट नसलं तरी चालतं.

कंपनी म्हणेल आम्ही सर्व्हर जन्मभर कसा चालवणार. बरोबर आहे, नका चालवू. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने बंद पडलेले आम्ही बघितलेत, पण कारखाना बंद पडला म्हणून घरातल्या डब्यातली साखर कुणी येऊन काढून नेली नाही.

पत्र लांबलंय हे मला माहीत आहे. जागेअभावी कापायचं असेल तर बीएसएनएलचा भाग कापा, एमपीएससीचं तर नक्कीच कापा कारण वडील तुमचाच पेपर वाचतात. बटणाचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, विश्रामबाग, सांगली