पौष्टिक अन्नाचे भावही छापावेत

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत आहारावरचे लेख नियमित येतात आणि ते मी आवर्जून वाचते. मात्र त्यांत सुचवलेले किनोआ, चिया, ॲव्होकाडो, बदामाचे दूध हे सारे कोकणातल्या मध्यम उत्पन्नाच्या घराने महिन्याच्या किराण्यात बसवायचे म्हटले, तर उरलेल्या यादीला कात्री लावावी लागते. त्यातून चांगलेचुंगले आणि प्रकृतीला मानवणारे खायचे तर खिसा सैल सोडावाच लागतो, असा समज घरोघरी पक्का होत चालला आहे. किलोचा भाव आणि पाकिटामागची अक्षरे या दोन गोष्टी पाहून खरेदी केली तर हा समज टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि त्या कामी वृत्तपत्राने थोडी मदत करावी यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम नाचणीविषयी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदूळ आणि गहू त्याच्या जवळपासही येत नाहीत. भारताने मांडलेल्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले आणि त्या सुमारास आमच्या तालुक्याच्या दुकानांतही नाचणीची बिस्किटे, नाचणीचे चिप्स, नाचणीच्या शेवया यांनी एक अख्खा कप्पा व्यापला. केंद्र सरकारने 2024-25 साठी नाचणीला जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला 4,290 रुपये होता, म्हणजे किलोला 43 रुपयांच्या आत. किरकोळ बाजारात येईपर्यंत त्यावर वाहतूक, हमाली आणि दुकानदाराचा नफा चढतो हे मान्य आहे. तरीही अख्खी नाचणी आणून, धुऊन, वाळवून गिरणीतून दळून घेतली, तर त्या पिठाचा किलोचा खर्च आणि त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या खाऊचा किलोचा भाव यांत जे अंतर पडते ते कोणीही एकदा कागदावर मांडून पाहावे.

शिवाय त्या खाऊत नाचणी असते किती, हा प्रश्न उरतोच. मध्यंतरी दुकानात मी नाचणीच्या बिस्किटांचा एक पुडा उलटून पाहिला. दर्शनी बाजूला नाचणीचे भरलेले कणीस होते. मागे बारीक अक्षरांत आधी मैदा, मग साखर, मग पामतेल आणि त्यानंतर नाचणीचे पीठ. पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, असा अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा नियम आहे. एवढे ठाऊक असले, तरी कोणत्या वस्तूला आपण पौष्टिक म्हणून जादा पैसे देत आहोत ते दुकानात उभ्याउभ्या कळते. एप्रिल 2024 मध्ये याच प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना दूध, धान्य आणि माल्ट यांपासून केलेली पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका असे बजावले, कारण अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ची व्याख्याच केलेली नाही. ज्या शब्दापोटी आपण आपल्या मुलांसाठी वर्षानुवर्षे जादा पैसे मोजले, त्याला कायद्याचा आधार नव्हता, ही बाब प्रत्येक पालकापर्यंत पोहोचायला हवी होती.

दुसरी उपयोगी गोष्ट अशी, की पाकिटावर कमाल किमतीखेरीज एककाची किंमतही आता छापावी लागते. किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर ती दर ग्रॅमला असते, त्यामुळे आकडा लहान दिसतो आणि नजरेतून सुटतो. त्या आकड्याला हजाराने गुणले, की किलोचा भाव निघतो. दोनशे ग्रॅमचे पाकीट हातात घेताना स्वस्त वाटणारी वस्तू या गुणाकारानंतर पुष्कळदा परत कप्प्यात जाते.

किनोआला माझा विरोध नाही. त्यात शंभर ग्रॅममागे चौदा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, आणि नाचणीत त्याच्या निम्मीच, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आपल्याकडे नाचणीची भाकरी एकटी कधी खाल्ली जात नव्हती. तिच्याबरोबर कुळथाची पिठी किंवा उसळ असे. कुळथात प्रथिने बावीस टक्क्यांच्या घरात आहेत. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हे पीक येते, त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत नवे कुळीथ बाजारात आले की तेव्हाच वर्षाचे घेऊन ठेवण्यात शहाणपण आहे. उन्हे देऊन, बिबे घालून ठेवलेले कुळीथ पुढच्या हंगामापर्यंत टिकते. उकड्या तांदळाचेही तसेच. भात सालासकट उकडताना कोंड्यातले ब जीवनसत्त्व दाण्यात उतरते, म्हणून वरचा कोंडा काढला तरी तो पांढऱ्या तांदळापेक्षा कसदार राहतो. असे असूनही पाहुणे आले की पांढरा बासमती आणि घरच्यांना उकडा, अशी प्रतवारी आपणच लावून ठेवली आहे.

घाऊक घेतले की स्वस्त पडते हा सल्ला मात्र कोकणात जसाच्या तसा लागू होत नाही. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत जी ओल असते, तिच्यात ओट्सचे मोठे पाकीट, सुका मेवा किंवा दळलेले पीठ फार दिवस चांगले राहत नाही. ओट्स अवश्य घ्यावेत, पण साधे आणि लहान पाकिटातले. मसाल्याच्या तयार ओट्समध्ये मीठ जास्त आणि भाव दुप्पट असतो. बेगमी करायची ती अख्ख्या नाचणीची, कडधान्यांची, आमसुलांची.

आता ज्याला चोखंदळ खाणे म्हणतात त्याविषयी. काजूगराची प्रतवारी डब्ल्यू-180, डब्ल्यू-240, डब्ल्यू-320 अशी असते. हा आकडा एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात ते सांगतो; म्हणजे आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. फोडताना दुभंगलेल्या गराची पाकळी होते, त्याहून लहान ती कणी. झाड तेच, चव तीच, कसही तोच. पण पाकळी अख्ख्या गरापेक्षा बरीच स्वस्त मिळते आणि कणी त्याहून. वाटणात, खिरीत किंवा चिवड्यात जाणारा काजू अख्खा असण्याचे काहीच कारण नाही. जिल्ह्यातल्या छोट्या काजू कारखान्यांत थेट गेले तर पाकळी आणि कणी सुटी वजनावर मिळते, आणि ती आदल्या दिवशी सोललेली असली तर चकचकीत डब्यातला काजू तिच्या पासंगालाही पुरत नाही.

कोकमाचीही अशीच गल्लत होते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे बाहेर त्याचे मोल वाढले, ही आनंदाची गोष्ट. पण आगळ आणि सरबताचा पाक या वेगळ्या वस्तू आहेत. आगळ हा मीठ घातलेला रस असतो. पाकात सर्वांत जास्त साखर असते. पित्तावर उतारा म्हणून बाटलीभर साखर घरी आणण्यापेक्षा आगळ घ्यावे आणि बेताने वापरावे, कारण त्यातही मीठ आहेच. आपले ते सगळेच गुणकारी, असेही मी म्हणणार नाही. खोबरेल तेलात संपृक्त स्निग्धांश फार असतो, त्यामुळे ते घरचे आहे म्हणून हात सैल सोडून चालत नाही. सुक्या मासळीचे प्रथिन उत्तम, पण खारवलेली मासळी भरपूर पाण्यात धुऊन घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे, आणि खारा बांगडा, लोणचे, पापड एका ताटात आले की ती मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

ताज्या मासळीत सुरमई आणि पापलेटावर सगळ्यांचा डोळा, म्हणून त्यांचे भाव पर्यटकांच्या हंगामात ऐकवत नाहीत. हृदयासाठी ज्या ओमेगा-3 मेदाम्लांच्या गोळ्या औषधाच्या दुकानात विकल्या जातात, ती मेदाम्ले बांगडा आणि तारली या तेलकट मासळीत भरपूर असतात, आणि हे मासे बंदरावर वाट्याने मिळतात. तिरफळे घालून केलेला बांगड्याचा तिखला कोणत्याही महागड्या ताटाच्या तोडीचा आहे. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात पर्याय लागतो. तेव्हा काळे वाटाणे, कुळीथ आणि पावसाळी रानभाज्या आहेतच. टाकळा, कुरडू, भारंगी यांना तर गावात पैसेही पडत नाहीत. फक्त ओळख असलेलीच भाजी खुडावी.

मग अडते कुठे? माझ्या मते भाव न कळण्यात अडते. पाकिटावर निदान छापील किंमत असते. कुडाळच्या बुधवारच्या बाजारात कुळीथ कुणाकडे पायलीने, कुणाकडे शेराने, कुणाकडे किलोने. एकाच रांगेत तीन बायकांकडे तीन मापे. नव्याने संसार मांडलेल्या मुलीला त्यातले स्वस्त कोणते ते कळत नाही, विचारायला संकोच वाटतो, आणि ती दुकानातले पाकीट उचलून मोकळी होते. विकणारीचेही नुकसानच होते. शेजारच्या तालुक्यात त्याच नाचणीला काय भाव आहे हे बचत गटातल्या बाईला माहीत नसते, म्हणून व्यापारी सांगेल त्या दराला ती माल देऊन टाकते.

हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात किती रुपयांना गेली, ही बातमी आपण दर वर्षी ठळक छापता, आणि बागायतदारांना तिचा उपयोगही होतो. त्याच धर्तीवर आठवड्यातून एकदा, जिल्ह्यातल्या प्रमुख आठवडा बाजारांतले नाचणी, कुळीथ, काळे वाटाणे, उकडा तांदूळ, आमसूल, काजूपाकळी आणि बांगडा यांचे किलोचे भाव एका लहान चौकटीत द्यावेत, आणि त्या त्या धान्याची पायली किती किलो भरते तेही सोबत छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सुरुवात तीन जिनसांनी केली तरी चालेल. कुडाळच्या बाजारातले भाव दर बुधवारी दुपारपर्यंत वजन करून आपल्या कार्यालयाला कळवण्याचे काम मी आणि माझ्या ओळखीच्या दोघीतिघी विनामोबदला करायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक गृहिणी,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग