गटारीनंतरचा तिसरा दिवस

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आषाढ अमावास्या जवळ आली की सगळ्याच वर्तमानपत्रांत कोंबडीचे दर, मटणाच्या दुकानापुढच्या रांगा आणि बांद्याच्या बाजूला पकडलेली गोवा बनावटीची दारू यांच्या बातम्या येतात. मीही त्या चवीने वाचते. मात्र त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत सरकारी दवाखान्यात कोण येतं, हे कधी छापून आलेलं पाहिलं नाही. सिंधुदुर्गातल्या वॉर्डांत नोकरी करून मी निवृत्त झाले, म्हणून लिहिते.

आपल्याकडे श्रावण पाळणं मानाचं. रोज पिणारा माणूसही गटारीला शेवटची घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून थेंबाला शिवत नाही. घरचे देवळात नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात. बहुतेकांचं चार दिवस चिडचिड होऊन निभावतं. पण ज्याचे सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, अशा माणसाने एकदम दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. ही साधी माहिती आपल्या गावागावांत नाही.

एक खलाशी आठवतो. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, त्यामुळे दोन महिने घरीच, आणि पिणं सकाळपासून. श्रावण लागला तशी सोडली. भावांनी त्याला रात्री रिक्षातून आणला तेव्हा हात सुताच्या दोरीने बांधलेले, कपाळाला अंगारा, अंगातला शर्ट घामाने चिंब. मी दोरी सोडायला लावली. तसा तो खाटेवर मांडी घालून बसला आणि हवेतच जाळं विणायला लागला. डाव्या हाताच्या बोटांत नसलेला धागा ताणून धरायचा, उजव्या हाताने सुई फिरवायची, गाठ घट्ट ओढायची. मधेच पायाशी मासे वळवळतायत म्हणून पाय वर घ्यायचा. इतकं नेटकं काम, की क्षणभर जाळं आहेच असं वाटावं. भाऊ म्हणाला, "सिस्टर, तीन दिस झाले, थेंब घेवंक नाय. मगे दारूचा कसा? भायरचाच कायतरी लागलाहा."

बाहेरचं काही नव्हतं. रोजच्या दारूने मेंदूला सतत गुंगी येत असते, म्हणून मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवायला शिकतो. दारू अचानक गेली की तो चेतलेपणा तेवढा उरतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो. माणसं दिसतात, किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, नाडी पळते. या अवस्थेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. भगताकडे जाण्यात नेमके हेच दिवस जातात.

यावर औषध आहे आणि ते महागही नाही. डॉक्टर मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शनं देतात आणि काही दिवसांत मात्रा कमी करत आणतात. सोबत ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन. नातेवाइकांचा आग्रह असतो, "ताकदीची बाटली लावा." पण जुन्या पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते: डोळे फिरतात, तोल जातो, आठवण पुसते. ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिन गेलंच पाहिजे. हे विचारायला नातेवाइकांनी लाजू नये.

आणखी एक. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सर्वांत भयंकर आणि दारू आपली घरचीच, असा समज आहे. गर्द सुटताना माणूस तळमळतो, जुलाब-उलट्यांनी बेजार होतो, तरी त्या सोडण्याने जीव सहसा जात नाही. (काही महिने बंद ठेवून पुन्हा जुन्याच मात्रेत घेतली तर मात्र जातो.) दारू सोडताना जाऊ शकतो. बऱ्याच दिवसांच्या झोपेच्या गोळ्या मनाने बंद केल्या तरी आकडी येऊ शकते, आणि त्या गोळ्या आपल्या घराघरांत आजींच्या डब्यात असतात. "मी दारू नाही, फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी हिशेब: साडेसहाशे मिलिलिटरच्या साध्या बिअरच्या बाटलीत साठ मिलिलिटर व्हिस्कीपेक्षा जास्त मद्यार्क असतो.

२६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळांत कवटीची चित्रं काढतात, शपथ घेतात. घ्यावी. पण शपथ घेतलेल्या मुलाचा बाप श्रावणात थरथरायला लागला तर त्या मुलाने काय करायचं, हे त्याला कुणी सांगत नाही. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दारू पिणारे सुमारे सोळा कोटी होते, आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज होती. एवढ्या घरांना ठाऊक असायला हवी अशी ही गोष्ट आहे.

श्रावण जरूर पाळा, दारू सुटत असेल तर याहून चांगलं काय! फक्त रोज पिणाऱ्याने, विशेषतः आधी कधी आकडी किंवा भ्रम झाला असेल त्याने, गटारीच्या आधी डॉक्टरांना भेटावं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे मोफत क्रमांक आहेत. पण भ्रम किंवा आकडी सुरू झाली असेल तर फोनवर चर्चा करत बसू नये, १०८ ची गाडी बोलवावी.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या गटारीला कोंबडीच्या दराशेजारी हे क्रमांक आणि "हात थरथरत असतील तर एकदम सोडू नका, आधी दवाखान्यात या" ही ओळ चौकटीत छापावी. आशाताईंनी आणि मच्छीमार सोसायट्यांनीही ती बंदरावर लावावी. जागा कमी पडली तर रांगेचा फोटो थोडा लहान करा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
वेंगुर्ले