आईच्या गुडघ्याला टॉवेल पुरला असता

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कालचा वेदनाशामक गोळ्यांवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत सुझेट्रिजीन ही वेदनाशामक गोळी मंजूर झाली, ती अफूच्या वर्गातली नाही, हे त्यातलं बरोबर आहे. पण ती अचानक उठलेल्या दुखण्यासाठी आहे, ऑपरेशननंतरच्या वगैरे. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या गुडघ्यांचं काय? आमच्या सोसायटीत निम्म्या आज्या त्यानेच बेजार आहेत.

माझी आई ७४ वर्षांची, गुडघ्यांची झीज झालेली. इथल्याच एका डॉक्टरांनी एक्सरे बघितला न बघितला आणि ट्रॅमाडॉल असलेली गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली. हे औषध अफूच्या वर्गातलं आहे, २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, हे आम्हाला कोणीही सांगितलं नाही. आईचं पोट साफ होईना, मळमळ, गरगर. एकदा पहाटे बाथरूममध्ये ती बेसिन धरून खाली बसली, बादली कलंडलेली, गाऊन ओलाचिंब, आणि मला हाक मारायचंही तिला सुचलं नव्हतं. मी घाबरून गोळी त्याच दिवशी बंद केली तर घाम, अंग मोडून येणं, रात्रभर तळमळ. महिनाभर घेतलेली ही गोळी एकदम थांबवायची नसते, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते, हेही नंतर कळलं.

मग शेजारच्या काकूंनी नौपाड्यातल्या एका फिजिओकडे पाठवलं. तिने आईला पलंगावर पाय लांब करून बसवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "आजी, टॉवेल खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा." दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो म्हणे. शिवाय गरम शेक, चोळायला डायक्लोफेनॅकचं जेल, जमिनीवर बसणं बंद, आणि काठी दुखऱ्या पायाच्या नाही तर दुसऱ्या बाजूच्या हातात, इतकी वर्षं आई उलटी धरत होती! तीन महिन्यांत आई कठड्याला धरून एक मजला चढायला लागली. दुखणं गेलेलं नाही, पण ती गोळी लागत नाही. मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?

आणि एक, कॅन्सरच्या पेशंटना मॉर्फिन लागतंच, माझ्या काकांना लागलं होतं, ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ ला कायदाही बदललाय. त्या घरातली माणसं असे लेख वाचून घाबरायला नकोत, तेवढं एक वाक्य तरी टाकायचं होतं.

फिजिओचे पैसे आमच्या मेडिक्लेममधून मिळाले नाहीत, ते जाऊ दे. पण ती रोज वीस मिनिटं चालायला सांगते, ते चालायचं कुठे? आमच्या गल्लीतल्या फूटपाथच्या लाद्या पावसाळ्याआधीपासून उखडल्यात, उरलेल्या जागेत स्कूटर लावलेल्या, काठी घेतलेली बाई रस्त्यावरून चालते आणि मागून रिक्षावाले हॉर्न देतात. दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा नुसता नंबर मिळाला. लाद्यांचा फोटो सोबत पाठवतेय, पत्राला जागा नसेल तर निदान तो छापा.

– एक वाचक, चरई, ठाणे