ताई, व्हीलचं नाव बदलणारा तो मीच

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते.

माझी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, एवढीशी. मराठी शब्द कोशाच्या क्रमाने लावते. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये बसतो. आपल्या कोशांत तो 'ह'नंतर, मग क्ष, ज्ञ. हे रस्ट या भाषेत लिहिलं, पायओथ्री या जोडणीने पायथनला जोडलं, मॅट्युरिन या साधनाने त्याचं व्हील, म्हणजे पायथनची तयार पॅकेज फाईल, बांधलं. माझ्या लॅपटॉपवर सुरळीत चाललं. मित्राच्या लॅबमध्ये मात्र पॅकेजं बसवणाऱ्या पिपने दारातूनच परत पाठवलं. पायथन तर दोन्हीकडे ३.१०! मग मी शहाणपणा केला: फाईलच्या नावातलं 'मेनीलिनक्स_२_३४' (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, जीलिबसी, किमान २.३४ हवी असं सांगणारी खूण) खोडून '२_१७' लिहिलं. पिपने निमूट घेतलं. इम्पोर्ट करताच एरर: जीलिबसी २.३४ सापडत नाही.

तुम्ही आधी पोटभर हसलात. मग म्हणालात, "ते नाव म्हणजे पिपला दिलेली हमी. तू खोटी सही केलीस."

माझ्या उबुंटू २२.०४ वर जीलिबसी २.३५, लॅबच्या २०.०४ वर २.३१. थ्रेडची, म्हणजे समांतर कामांची, जुनीच फंक्शन्स २.३४ मध्ये जीलिबसीच्या मुख्य फाईलमध्ये आली, त्यामुळे नव्या मशीनवर बांधलेल्या फाईलवर तोच शिक्का बसतो. माझ्या कोडची एक ओळही चुकली नव्हती! जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. म्हणून मेनीलिनक्स २०१४ चा कंटेनर, म्हणजे बांधणीसाठीचं बंदिस्त वातावरण, सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवरचा, जीलिबसी २.१७ चा.

त्या रात्री साडेअकरापर्यंत तुम्ही कॉलवर होतात. तुम्ही टाइप केलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण फाईलला कोणती जीलिबसी लागते ते दाखवणारी 'ऑब्जडंप'ची कमांड माझ्याकडूनच तीनदा लिहून घेतलीत, २.१७ च्या वरचा एकही आकडा उरेना तोवर.

पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी मी वेगळं व्हील बांधत होतो, तेही पायओथ्रीच्या 'एबीआय३-पीवाय३८' या एका फीचरने सुटलं, ३.८ पासून पुढे एकच फाईल. आणि लायसन्स फाईल नाही म्हणून तुम्ही पॅकेज परत पाठवलंत, तेव्हा मी चिडलो होतो. आता सांगून टाकतो.

परवा मित्राने लॅबमधून हजेरीचा फोटो पाठवला: हेमंत, क्षितिजा, ज्ञानेश्वर. बरोबर ओळीने.

रीडमीत, म्हणजे लायब्ररीच्या माहिती-फाईलमध्ये, नाव नको म्हणालात, मान्य. कमिटमध्ये, म्हणजे कोडबदलाच्या नोंदीत, सहलेखक म्हणून तरी घालू द्या.

तुमचा,
खोटी सही करणारा